आठशेहून अधिक पानांची कादंबरी अडली म्हणून

चि. मुक्तास,


नील स्टीफन्सनची ‘सेव्हनईव्ह्ज’ निम्म्यावर अडली आणि आपण कच्चे वाचक आहोत असं वाटतंय, हे वाचून हसू आलं. चंद्र फुटल्यावर हा माणूस इंधनाचा हिशेब कसला मांडत बसतो, ही तुझी तक्रार रास्त आहे. २०१५ साली पुस्तक आलं तेव्हापासून वाचक तेच म्हणतात. गंमत म्हणजे तेच वाचक पुढे त्याची आठवणही काढत राहतात.

तुझी सवय मराठी विज्ञानकथांची. नारळीकर, बाळ फोंडके, दिवाळी अंक : एक कल्पना, एक धक्का, आणि चहा निवायच्या आत गोष्ट संपलेली. तो वेग इथे मागू नकोस. चंद्र तर पहिल्याच वाक्यात फुटतो. त्याचे तुकडे एकमेकांवर आदळून आणखी बारीक होत जाणार, दोनेक वर्षांत ते पृथ्वीवर कोसळू लागणार आणि हजारो वर्षं कोसळत राहणार, हेही लवकरच कळतं. मग उरतं काय? थोडी माणसं वर अंतराळात कशी तगतील, एवढंच. म्हणजे तू ओलांडून गेलीस ती पानंच खरी गोष्ट आहे.

एकच जागा पुन्हा वाच. कक्षेत आपल्या पुढे असलेलं यान गाठायचं, तर वेग वाढवून भागत नाही. वाढवलास की तू अधिक उंच, लांबच्या कक्षेत जातेस आणि उलट मागे पडतेस. आधी वेग कमी करायचा, खाली उतरायचं. तिथे प्रदक्षिणा लवकर पुरी होते. कागदावर दोन वर्तुळं काढ, पाच मिनिटांत ध्यानात येईल. अशा प्रत्येक हालचालीला इंधन जळतं आणि तिथे ते मोजकंच आहे. पुढे माणसांत फूट पडते, तिच्या मुळाशी हाच हिशेब असतो. तो डोक्यात नसेल तर ते राजकारण नुसती भाऊबंदकी वाटेल. जास्त सांगत नाही.

पण लेखकाचं सगळंच गोड मानून घेऊ नकोस. यंत्रांची काही वर्णनं त्याने निव्वळ हौसेपोटी लिहिली आहेत. ती गाळलीस तरी कथेचं काही अडत नाही. गाळावं की नाही, हे ठरवायला मी एवढंच पाहतो : हे पान नसतं तर पुढचा निर्णय मला समजला असता का? ‘ड्यून’मध्ये नेमकी उलटी अडचण येते. तिथे लेखक हर्बर्ट फारसं समजावतच नाही, अनोळखी शब्द अंगावर फेकतो आणि शेवटी शब्दसूची जोडतो. वीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारलेलं ते पुस्तक १९६५ साली छापलं ते मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या चिल्टनने!

‘सेव्हनईव्ह्ज’चा तिसरा भाग एकदम पाच हजार वर्षं पुढे उडी मारतो. ज्यांच्यात जीव गुंतला ती माणसं गेलेली, आणि नव्या जगाची ओळख पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मते ते वेगळंच पुस्तक आहे, उगाच याला जोडलेलं. दुसरा भाग झाला की खुशाल थांब आणि महिन्याभराने पुढचं उघड. उघडण्याआधी फोन मात्र कर, पण मामीला नको. तिला नेमका तोच भाग सगळ्यांत आवडतो आणि या विषयावर आमचं अजून जमलेलं नाही.

तुझा,
मामा