भिंतीतली वीट कोणी थापली?



नवे घर बांधून झाले की आपण आशीर्वादासाठी फादरांना बोलावतो. खोलीखोलीत पवित्र पाणी शिंपडले जाते, फरशीचे, खिडक्यांचे कौतुक होते. अशी कितीतरी घरे मी आशीर्वादित केली. पण ही वीट कोणी थापली आणि त्याच्या हातात काय पडले, हे मी एकदाही विचारले नाही. आपल्या सभागृहाच्या हिशेबातही विटांचा दर होता, वीट थापणाऱ्याची मजुरी नव्हती. ती माझी चूक प्रथम कबूल करतो. आजचा आपला विषय आहे घरबांधणी आणि आधुनिक गुलामगिरी.

उचलीची बेडी

आजच्या गुलामाच्या पायात साखळी नसते. त्याच्या नावावर उचल असते. आपल्या ठाणे-पालघर भागातल्या वीटभट्ट्यांचेच उदाहरण घ्या. जव्हार, मोखाडा, विक्रमगड इकडच्या अनेक कातकरी, वारली कुटुंबांना पावसाळ्यात पुरेसे काम नसते. घरात आजारपण किंवा लग्न निघते. अशा वेळी भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर येते, भोंग्यात म्हणजे झोपडीत राहते आणि पाऊस येईपर्यंत विटा थापते. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि ती बहुधा नवराबायकोच्या जोडीची असते. बाईचा वेगळा हिशेब नसतो. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते. हंगामाच्या शेवटी वही उघडते. उचल आणि खर्ची वजा जाता कुटुंबाकडेच बाकी निघाली, तर पुढचे वर्षही त्याच मालकाचे!

सगळ्याच भट्ट्यांवर असे घडते असे मी म्हणत नाही. पण उचल फिटेपर्यंत माणसाला काम सोडून जाता येत नसेल, तर ती मजुरी नव्हे, वेठबिगारी आहे.

"त्याने राजीखुशीने घेतली ना?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संमती या विषयावर आम्ही खूप वाद घालायचो. पण ज्याच्यापुढे उपास किंवा उचल असे दोनच मार्ग आहेत, त्याच्या होकाराला मोकळा होकार म्हणता येईल का?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिले, तेही बांधकाम मजुरांच्याच खटल्यात. आशियाई खेळांसाठी दिल्लीत मोठी बांधकामे चालू होती. मजुराची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. मजूर आणणारे जमादार त्यातला १ रुपया कापून घेत आणि मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडत. न्यायालयाने सांगितले, की किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे; कारण सक्ती फक्त काठीची नसते, भुकेचीही असते. शिवाय, मजूर ठेकेदाराने आणले म्हणून काम करवून घेणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

हात बदलले तरी जबाबदारी उरते

घरे बांधणारी कंपनी स्वतः कोणाला डांबून ठेवत नाही. ती पुरवठादाराकडून वीट घेते, पुरवठादार भट्टीवरून उचलतो. मजूर ठेकेदार आणतो, ठेकेदाराला मुकादम आणून देतो. प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवतो. ब्रिटनमध्ये २०१५च्या आधुनिक गुलामगिरीविषयीच्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन काढावे लागते. आपल्या कामात आणि पुरवठासाखळीत गुलामगिरी नसावी म्हणून काय केले, ते त्यात सांगायचे असते. आपल्याकडचा बिल्डर मनात आणील तर एवढे नक्की करू शकतो :

१. वीट, खडी, वाळू कोठून येते याची यादी ठेवावी आणि हंगामात न कळवता तेथे जाऊन यावे.
२. मालकाला बाजूला ठेवून मजुरांशी त्यांच्या भाषेत बोलावे : उचल किती, हिशेब कोणाकडे, घरी जाता येते का?
३. मजुरी प्रत्येकाला, बाईलाही, तिच्या स्वतःच्या हातात किंवा खात्यात मिळावी. आधारकार्ड मुकादमाने ठेवून घेऊ नये.
४. दर इतका पाडू नये की खालच्याला माणूस पिळल्याशिवाय परवडणारच नाही.
५. वेठबिगारी आढळली तर नुसती ऑर्डर रद्द करून हात झटकू नयेत. त्याने मजूर सुटत नाही. आधी त्याची सुटका, मग व्यवहाराचा विचार.

१९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द ठरते. ते फेडण्याचे बंधन मजुरावर राहत नाही. हे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही सावकारावर आहे. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. वसई तालुक्यात १९८०च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वेठबिगारांच्या मुक्तीचे काम उभे केले, पुढे भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळाही निघाल्या. म्हणजे हे काम अशक्य नाही.

देवाचा जाब

मिसर देशात इस्राएली लोक विटाच थापत होते. फारोने त्यांना पेंढा देणे बंद केले, पण विटांची संख्या कमी केली नाही (निर्गम ५). पुढे यहोयाकीम राजाने देवदाराचा भव्य वाडा बांधला, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने त्याला खडसावले (यिर्मया २२). दोष वाड्याच्या थाटाचा एवढाच नव्हता. शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतले, हा होता.

आपल्या धर्मग्रामात बिल्डर आहेत, सुपरवायझर आहेत, सोसायटीच्या पुनर्विकास समितीवर बसणारे आहेत, फ्लॅट बुक करणारे तर पुष्कळ आहेत. प्रत्येकाने एकेक प्रश्न विचारला, तरी तो भट्टीपर्यंत पोहोचेल. यापुढे घराच्या आशीर्वादाला आलो की मीही विचारीन. रागावू नका.

वस्तीच्या सभेत चर्चेसाठी :
१. आपल्या घराच्या विटा कोठून आल्या, हे आपल्याला ठाऊक आहे का?
२. आपण कामाला ठेवलेल्या कोणाला आपली उचल बेडी झाली आहे का?
३. चर्चच्या पुढच्या बांधकामात ठेकेदाराला कोणत्या अटी घालाव्यात?