विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

आईवडील दोघेही धडधाकट असताना त्यांचे मूल आनुवंशिक रोग घेऊन जन्मास कसे येते? हा प्रश्न वरवर कोड्यासारखा वाटतो. सिकलसेल ह्या विकाराच्या उदाहरणाने त्याचा उलगडा चांगला होतो.

माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी मध्यभागी दबलेल्या चकतीसारखी असते. ती लवचिक असल्यामुळे अत्यंत अरुंद केशवाहिन्यांतूनही सहज पार होते. १९१० साली जेम्स हेरिक ह्या अमेरिकन वैद्याने एका रुग्णाच्या रक्तात विळ्याप्रमाणे वाकलेल्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. अशा पेशी ताठर असतात. त्या केशवाहिन्यांत अडकतात आणि लवकर नाश पावतात. त्यामुळे रुग्णास रक्तक्षय होतो व तीव्र वेदनांचे झटके येतात.

दोष असतो तो पेशीतील हीमोग्लोबिन ह्या प्रथिनात. त्याच्या एका साखळीत १४६ ॲमिनो अम्ले ओवलेली असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच काय तो फरक! एकाच ॲमिनो अम्लाचा हा फरक व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनी १९५७ साली दाखवून दिला.

ही साखळी कशी घडावी, हे जनुक ठरविते. प्रत्येकाजवळ त्या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर ती व्यक्ती सहसा निरोगी राहते. तिला ‘वाहक’ म्हणतात. दोन्ही प्रती सदोष असतील तरच रोग प्रकट होतो.

दोन नाणी घ्या. एक आईचे, एक वडिलांचे. छाप म्हणजे निर्दोष प्रत आणि काटा म्हणजे सदोष प्रत, असे मानून ती एकदम शंभर वेळा उडवा व नोंद ठेवा. दोन्ही काटे सुमारे पंचवीस वेळा पडतील. वाहक दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव असाच चारांत एक असतो. नाण्यांना मागची फेक आठवत नाही. म्हणून पहिले मूल रोगी निघाले तरी दुसऱ्याचा संभव तेवढाच राहतो.

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये प्रथम आढळला. पुढे विदर्भ, नंदुरबार, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व ओडिशा येथेही तो दिसून आला. वाहकांना हिवतापाच्या घातक प्रकारापासून काहीसे संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन ह्यांनी १९५४ साली आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले. हिवतापाच्या प्रदेशांत हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या का टिकला, ते ह्यावरून कळते.

मूल रोगी निपजले की पुष्कळदा दोष आईच्या माथी मारला जातो. तो अन्याय होय. कारण रोगी मुलाच्या दोन सदोष प्रतींपैकी एक वडिलांकडूनच आलेली असते. वाहक असणे हा कलंकही नव्हे. वाहकाचा विवाह दोन्ही प्रती निर्दोष असलेल्या व्यक्तीशी झाल्यास त्यांच्या अपत्यास हा रोग होत नाही. म्हणून विवाहापूर्वी दोघांनीही रक्ततपासणी करून घेणे हिताचे ठरते.