रक्तातील कर्कपेशी आणि चुंबकीय नॅनोकण

चुंबक फिरवला की रेतीतून लोखंडाचा कीस वेगळा होतो, हे आपण शाळेत पाहिले असेल. रक्तातील कर्कपेशी शोधण्याची एक चाचणी याच तत्त्वावर चालते.

गाठीपासून सुटलेल्या काही कर्कपेशी रक्तात फिरतात. परंतु एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच सुमारे 5 अब्ज. त्यांत या मूठभर पेशी शोधायच्या कशा? पुण्यात विकसित झालेल्या ‘ऑन्कोडिस्कव्हर’ चाचणीत लोह-ऑक्साइडचे नॅनोकण वापरतात. त्यांवर प्रतिपिंडे बसवलेली असतात. अनेक कर्कपेशींवर ‘एपकॅम’ नावाचे प्रथिन असते, रक्तपेशींवर ते सहसा नसते. प्रतिपिंडे त्या प्रथिनाला चिकटतात आणि चुंबक लावताच कर्कपेशी कणांसह ओढली जाते.

मात्र प्रत्येक कर्कपेशीवर हे प्रथिन असतेच असे नाही. शिवाय गाठ लहान असताना रक्तात पेशी सापडतीलच, याचीही खात्री नसते. म्हणून अहवालात पेशी आढळल्या नाहीत, याचा अर्थ कर्करोग नाही असा घेऊ नये. गाठीचे निश्चित निदान बायोप्सीनेच होते.

तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर रक्तचाचणीसाठी थांबू नये. तोंड तपासायला डॉक्टरांना उजेड आणि काही मिनिटे पुरतात. लक्ष्मीबाई नगरच्या रहिवाशांना सफदरजंग रुग्णालय व एम्स दोन्ही जवळ आहेत. जुने अहवाल सोबत न्यावेत आणि तंबाखू किती वर्षे खाता, हे संकोच न करता सांगावे.