सातपुड्याचे पाहुणे

माझ्या मुलाने एका मोठ्या मोटारीत निजण्यासाठी फळ्या, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून तिचे चालते घर केले आहे. दिवाळीच्या सुटीत या घरातून आम्ही कारंजा (घाडगे) येथून चिखलदऱ्यास निघालो. बरोबर माझी दोन नातवंडे होती. तळेगाव, तिवसा, मोझरी ही गावे मागे पडली. अमरावतीनंतर परतवाडा आले आणि समोर सातपुड्याची निळी रांग उभी राहिली.

पुढे घाट लागला. एका बाजूस खोल दरी, दुसऱ्या बाजूस सागाचे रान! एका वळणावर वानरांची टोळी बसली होती. नातीने पोळीचा डबा उघडला. तोच तेथील वनरक्षकाने तिला थांबविले. तो म्हणाला, "बाळ, तू पोळी देशील आणि पुढे जाशील. ही वानरे मात्र रोज मोटारींची वाट पाहत रस्त्यावर बसतील. गेल्या महिन्यात येथेच एक पिलू चाकाखाली सापडले. झाडांची पाने, फुले, फळे हेच त्यांचे अन्न." नातीने मुकाट्याने डबा मिटला.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तेथे एका विश्रामगृहाच्या आवारात परवानगी घेऊन आम्ही मुक्काम केला. नातवाला रात्री मोटारीतून वाघ पाहावयाचा होता. मी त्याला म्हणालो, "अरे, रातवा नावाचा पक्षी रात्री उघड्या रस्त्यावर बसतो. मोटारीच्या झोताने त्याचे डोळे दिपतात आणि त्याला उडता येत नाही. आपल्या मौजेपायी त्याचा जीव का घ्यावा?" आम्ही दिवे मालविले. दूर कोठेतरी सांबराने हाक दिली आणि रान पुन्हा निःशब्द झाले.

पहाटे दरीच्या काठी गेलो. समोरच्या उतारावर रानगव्यांचा कळप चरत होता. काळेभोर धिप्पाड देह आणि पांढरे मोजे घातल्यासारखे पाय! आम्ही जागीच स्तब्ध राहिलो. त्यांनी एकवार मान वर करून पाहिले आणि पुन्हा चरावयास आरंभ केला. पाहुण्यांनी घरधन्याची शांतता मोडली नव्हती.

मेळघाटचे हे वन १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प म्हणून राखले आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्यासही २०१४ मध्ये तोच मान मिळाला. मात्र वन्य प्राण्यांना आपल्या सीमा ठाऊक नसतात. ते रस्ता ओलांडतातच.

परतताना तळेगावच्या पुढे सांज झाली. दोहोंकडे झाडी दिसताच नात म्हणाली, "बाबा, गाडी हळू चालवा. येथेही कोणाचे तरी घर असेल."

स्वाध्याय

१. वनरक्षकाने नातीस पोळी देऊ का दिली नाही?
२. 'पाहुणे' व 'घरधनी' हे शब्द येथे कोणास उद्देशून योजिले आहेत?
३. तुमच्या गावाजवळील पशुपक्ष्यांविषयी दहा ओळी लिहा.