अडलेली गाय आणि शब्बाथाचा दिवस

शास्त्रपाठ : लूक 14:1-6, ईयोब 39:1-4, नीतिसूत्रे 12:10.

प्रभू एका परूशाच्या घरी भोजनास गेला असता जलोदर झालेला मनुष्य त्याच्या समोर होता, आणि तो दिवस शब्बाथाचा होता. त्या मनुष्यास बरे करून प्रभूने तेथील विद्वानांस विचारले की, तुमचा बैल शब्बाथ दिवशी विहिरीत पडला तर तुमच्यापैकी कोण त्यास लागलीच वर काढणार नाही? कोणासही उत्तर देता आले नाही. शेतकरी वाचकास हा प्रश्न अगदी सोपा वाटेल, आणि असल्या सोप्या प्रश्नावर शास्त्री लोक गप्प का बसले ह्याचे नवलही वाटेल. परंतु त्या काळी ह्या गोष्टीवर खरोखरच मतभेद होता.

कैरो शहरातील एका जुन्या सभास्थानात जीर्ण ग्रंथांची कोठडी होती. तेथून 1896-97 साली सोलोमन शेख्टर ह्या विद्वानाने हस्तलिखितांचा मोठा साठा नेला, आणि त्यांतून 1910 साली एक ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्यास आता दिमिष्काचा ग्रंथ म्हणतात. 1947 नंतर मृत समुद्राजवळील गुहांत जी हस्तलिखिते सापडली त्यांतही ह्याच ग्रंथाचे तुकडे होते. त्यामुळे तो प्रभूच्या काळाआधीचा आहे हे ठरले. त्यात शब्बाथाचे जे नियम दिले आहेत त्यांत एक असा आहे की, शब्बाथ दिवशी जनावर वीत असता कोणी त्यास साहाय्य करू नये. आणि त्यास लागूनच दुसरा असा की, ते हौदात किंवा खड्ड्यात पडले तर त्यास त्या दिवशी वर काढू नये. ज्या प्रश्नाने प्रभूने परूशांस निरुत्तर केले त्याच्या अगदी शेजारी अडलेली गाय उभी आहे, हे ध्यानात ठेवावे. बैल त्याच दिवशी वर काढावयाचा, तर गाईसाठीही कोणी दुसऱ्या दिवसाची वाट पाहावयाची नाही.

यहूदी रब्बींनी हा नियम इतका कठोर ठेवला नाही. त्यांच्या मिश्ना नावाच्या ग्रंथात सणाच्या दिवसाविषयी असे सांगितले आहे की, जनावराचे पिलू ओढून काढू नये, परंतु त्यास साहाय्य करावे. साहाय्य म्हणजे काय, हे पुढील पंडितांनी उलगडले : पिलू जमिनीवर आपटू नये म्हणून त्यास धरावे, त्याच्या नाकात फुंकर घालावी, आईचा सड त्याच्या तोंडात द्यावा. ओढणे आणि साहाय्य करणे ह्यांतील हा भेद त्यांनी दिवसाच्या पावित्र्यासाठी केला. आपल्या गोठ्यात मात्र तोच भेद गाईच्या शरीरासाठी करावा लागतो. कारण अडलेल्या जनावरांपैकी पुष्कळ जनावरे अडल्यामुळे मरत नाहीत, ओढणाऱ्यांच्या घाईमुळे मरतात.

ईयोबाला परमेश्वराने विचारले होते की, रानशेळ्यांचे महिने तू मोजतोस काय? रानशेळीचे कोणी मोजत नाही, परंतु गोठ्यातील गाईचे मोजता येतात. गाय फळल्यापासून सुमारे 280 दिवसांनी विते. म्हैस सुमारे 310 दिवसांनी. दिवस भरत आले की कास भरते, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ढिले पडून तेथे खड्डे दिसू लागतात, आणि जनावर कळपापासून दूर जाते. कळा सुरू झाल्यावर पहिले काही तास ते उठबस करते. त्या वेळी त्यास एकांत द्यावा. शेजारपाजारच्या दहा माणसांनी कंदील घेऊन भोवती उभे राहणे हे साहाय्य नव्हे.

पाणमोट फुटल्यावर घड्याळ पाहावे. वासरू नीट असेल तर प्रथम दोन पुढचे पाय दिसतात, खुरांचे तळवे जमिनीकडे असतात, आणि गुडघ्यांवर नाक टेकलेले असते. असे असल्यास गाईस आपले काम करू द्यावे. कालवडीस गाईपेक्षा अधिक वेळ लागतो. तळवे आकाशाकडे असतील तर ते बहुधा मागचे पाय होत. ओळख अशी की, पुढच्या पायाचे खुरावरील पहिले दोन सांधे एकाच बाजूस वाकतात, मागच्या पायाचे उलटसुलट वाकतात. मागच्या पायांनी येणारे वासरूही जिवंत जन्मते, परंतु त्याचे पुठ्ठे बाहेर आल्यावर विलंब करू नये; नाळ दबते आणि आत असतानाच ते श्वास घेऊ पाहते. एकच पाय दिसत असेल, पाय दिसून डोके लागत नसेल, किंवा हाताला केवळ शेपूट लागत असेल, तर ओढण्याचा विचार मनातून काढून टाकावा. वाकलेला पाय किंवा मान प्रथम आत लोटून सरळ करावी लागते, आणि ते काम जाणत्या हाताचे आहे.

म्हशीची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे, कारण तिच्यात गर्भाशयास पीळ पडण्याचा प्रकार वारंवार होतो. ती पोटावर लाथा मारते, बेचैन होते, पण पाणमोट दिसत नाही. काही तासांनी कळा मंदावतात आणि घरचे लोक समजतात की आज विण्याचा दिवस नव्हता. ही शांतता फसवी आहे. पीळ काढण्यासाठी डॉक्टर म्हशीस एका कुशीवर पाडून लोळवितात, परंतु पीळ कोणत्या बाजूचा आहे हे कळल्याखेरीज लोळविल्यास तो आणखी घट्ट होतो. हे पाहून शिकण्यासारखे काम नाही.

साहाय्य करावयाचेच झाले तर नखे काढावी, हात कोपरापर्यंत साबणाने धुवावे, मागील भाग धुवावा, आणि वंगणासाठी स्वच्छ तेल घ्यावे. मऊ सुती दोरी खुराच्या वरच्या सांध्यापलीकडे बांधावी. गाय कळ देईल तेव्हाच ओढावे, ती थांबली की थांबावे. एक पाय थोडा, मग दुसरा थोडा. आणि डोके बाहेर आल्यावर ओढ खाली, गाईच्या मागच्या पायांकडे असावी. दोन माणसांच्या बळाने जे येत नाही ते दहांच्या बळाने येईल, परंतु त्याबरोबर गाईचेही काही फाटून येईल. बैलजोडी किंवा ट्रॅक्टर लावणे ही तर क्रूरताच होय. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात दुष्टाच्या दयेस जे म्हटले आहे ते येथे लागू पडते.

आता पाचगणीच्या डोंगरावरील मंडळ्यांसाठी दोन शब्द. दांडेघर, खिंगर, गोडवली, आंब्रळ, तायघाट ही गावे उंचावर. पावसाळ्यात दाट धुके, आणि वाईकडून येणाऱ्यास पसरणीचा घाट चढावा लागतो. सपाटीच्या गावातील मनुष्य पाणमोट फुटल्यावर तासभर वाट पाहील तर चालेल; डोंगरावरच्याने घाटाचा वेळ त्यातून वजा करावा, आणि अर्ध्या तासात काही पुढे सरकले नाही तर निरोप धाडावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे, त्यास पैसे पडत नाहीत. ह्याच जिल्ह्यात शिरवळ येथे 1988 साली पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. उताराची जमीन असलेल्या गोठ्यात गाभण गाय मागील बाजू खाली करून बांधू नये. अशाने शेवटच्या महिन्यात मायांग बाहेर येण्याची भीती वाढते. आणि लहान चणीच्या डोंगरी गाईस, विशेषतः पहिलारू कालवडीस, मोठ्या विलायती जातीचे रेतन करविताना दुधाचा लोभ आवरावा. तिच्या कटीतून ते वासरू यावयाचे आहे, हे मालकाने आधीच विचारात घेतले पाहिजे.

काही घरी अजून गाय अडली की दृष्ट काढतात, देवऋषीकडे धावतात. हे सोडलेल्या ख्रिस्ती बांधवांत दुसरा एक प्रकार आढळतो. तो उपदेशकांनी नीट पाहावा. प्रार्थनेस सर्व बसतात, आणि डॉक्टरास बोलाविणे अविश्वासाचे लक्षण समजतात. प्रभूने बैलासाठी विहिरीच्या काठी केवळ प्रार्थना करा असे म्हटले नाही. प्रार्थना अवश्य करावी. एकाने करावी व दुसऱ्याने तोवर फोन करावा. तसेच रविवारी गाय वीत असल्यामुळे कोणी उपासनेस आला नाही, तर हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे काट मारणाऱ्या उपदेशकाने लूकाचा चौदावा अध्याय पुन्हा वाचावा.

वासरू बाहेर आले की नाक-तोंड पुसावे, नाकपुडीत काडी फिरवून शिंक आणावी, कोरड्या पोत्याने चोळावे, नाळेस आयोडीन लावावे. मग चीक. वार पडल्याखेरीज वासरास पाजू नये अशी समजूत कित्येक ठिकाणी आहे. ती घातक आहे. वासरू रोगाशी झुंजण्याचे बळ आईच्या पोटातून घेऊन येत नाही. ते त्यास चिकातूनच मिळते, आणि तेही पहिल्या काही तासांतच अंगी लागते. शिवाय वासरू प्याल्याने वार पडण्यासही मदत होते. पहिल्या दोन तासांत पोटभर, आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक त्याच्या पोटात जावा. खरवस मलाही आवडतो. पण वासराचे भागल्यावर.

वार बारा तासांत न पडल्यास डॉक्टरास कळवावे. तिला दगड बांधू नये, हाताने ओढू नये. पडलेली वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. ज्या गोठ्यात सहा-सात महिन्यांच्या गाभणी गाळतात तेथे ब्रुसेलोसिस असण्याचा संभव असतो. तो रोग वारेतून, स्रावातून व कच्च्या दुधातून माणसास होतो, आणि मग ताप व सांधेदुखी महिनोन्महिने पाठ सोडत नाही. गर्भवती स्त्रीने अशा वेळी गोठ्यात काम करू नये. कालवडीस चार ते आठ महिन्यांच्या वयात ह्याची लस एकदाच टोचतात. ती वेळ गेली की पुन्हा येत नाही.

उपदेशकांस एक सूचना करावीशी वाटते. मंडळीच्या वहीत बाप्तिस्मे व विवाह लिहितात, तिच्या शेवटी दोन पाने कोरी असतात. कोणाची गाय किंवा म्हैस कोणत्या तारखेस फळली व तिचे दिवस केव्हा भरतात हे तेथे लिहावे, आणि डॉक्टरांचा क्रमांक वर मोठ्या अक्षरांत. ज्या घरी पुरुष मुंबईस कामास असतो आणि म्हातारी सासू व सून दोघीच असतात, त्या घराकडे त्या आठवड्यात एकाने रात्री चक्कर टाकावी.