अहिराणी : नाव, व्याकरण आणि गणना

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील बागलाण, मालेगाव, देवळा व कळवण या तालुक्यांत, तसेच धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांच्या मोठ्या भागांत अहिराणी बोलली जाते. अहिर किंवा आभीर समाजाशी तिचे नाव जोडले जात असले, तरी ती आज एका जातीपुरती मर्यादित नाही. प्रदेशावरून तिला खानदेशी असेही म्हटले जाते. ही दोन नावे सरसकट पर्यायी मानल्याने अभ्यासात घोटाळा होतो. त्याचा विचार येथे केला आहे.

बहिणाबाई चौधरी यांच्या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेची भाषा अनेकदा अहिराणी म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती आसोदे परिसरातील लेवा गणबोली आहे. 'डोळा'चा 'डोया' होणे आणि चतुर्थीचा 'ले' प्रत्यय ही लक्षणे दोहोंत समान असल्याने कानाची फसगत होते. मात्र लेवा गणबोलीत षष्ठीचा 'चा' टिकून आहे. अहिराणीत त्या जागी 'ना' येतो. म्हणूनच 'मना', 'तुना' ही रूपे सिद्ध होतात. 'आहे'ऐवजी 'शे' आणि 'करतो'ऐवजी 'करस' ही क्रियारूपेही अहिराणीची ओळख पटवतात. यांपैकी 'ना' आणि 'शे' गुजरातीच्या 'नो' आणि 'छे' यांची आठवण करून देतात. ग्रियर्सनने १९०७ च्या खंडात खानदेशीला मराठीबरोबर न ठेवता भिल्ली भाषांसमवेत ठेवले, हे या संदर्भात लक्षणीय ठरते.

जनगणनेत अहिराणीचा समावेश 'खानदेशी' या शीर्षकाखाली इतर काही बोलींसह होतो. या शीर्षकाखाली १९९१ साली सुमारे ९.७४ लाख, २००१ साली २०.७५ लाख, तर २०११ साली १८.६० लाख भाषक नोंदले गेले. दहा वर्षांत दुपटीहून अधिक वाढ आणि पुढील दहा वर्षांत घट, ही केवळ लोकसंख्येची हालचाल असू शकत नाही. घरात अहिराणी बोलणारा मनुष्य प्रगणकापुढे मातृभाषा 'मराठी' सांगतो की 'अहिराणी', यावरही हे आकडे अवलंबून असतात. ते भाषकांच्या संख्येइतकेच त्यांच्या आत्मप्रत्ययाचेही निदर्शक होत.

हा आत्मप्रत्यय घडण्यात वा खचण्यात शाळा-महाविद्यालयांचा वाटा मोठा आहे. बागलाणातील विद्यार्थ्याच्या तोंडी आलेला 'शे' हा अशुद्ध 'आहे' नव्हे. ते वेगळ्या व्याकरणातील नियमित रूप आहे. प्रमाण मराठी शिकवताना हा भेद समजावून सांगता येतो. त्यासाठी 'शे'ला चूक ठरवण्याचे कारण नाही. अहिराणी भाषा की बोली, हा वाद त्यानंतरचा. प्रत्यय आणि क्रियारूपे यांची गावनिहाय नोंद हे अभ्यासकाचे पहिले काम होय.