पोटाचा तिसरा हिस्सा

सूरह आराफच्या 31व्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक आणि अतिरेकाची मनाई एकत्रच आली आहे. तिर्मिजीतील हजरत मिकदाम (रजि.) यांच्या हदीसमधले पोटाचे तीन हिस्से, अन्न, पाणी व श्वास, आपल्याला पाठ असतात. परंतु प्रेषितांनी (स.) त्याआधी पाठ ताठ राहील एवढे मोजके घासच पुरेसे म्हटले आहेत, तृतीयांश ही कमाल मर्यादा होय. इफ्तारला भजी-सरबतातच ती ओलांडली जाते!

उलट टोकही गैरच. हजरत सलमान (रजि.) यांनी अबू दरदा (रजि.) यांना नफ्ल रोजा सोडून जेवावयास लावले आणि स्वतःच्या जीवाचा, घरच्यांचाही हक्क असतो, हे बजावले. प्रेषितांनी (स.) त्यास दुजोरा दिला. मग सर्वांना वाढून उरलेसुरले खाणाऱ्या गृहिणीचा हक्क कोणी द्यावयाचा? आज रात्री दस्तरखानावर तिचेही ताट आपल्याबरोबरच मांडावे.